निरू, तू लढली नाहीस

निरू,

काल पुन्हा एक बाई येऊन गेल्या. तुझ्या शाळेतल्या, संस्कृत शिकवणाऱ्या. डोळे पुसत म्हणाल्या, "आखिर तक लड़ीं हमारी निरू मैडम. असली फौजी थीं." मी मान हलवली आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले. ओटा धरून उभी राहिले. सगळे हेच म्हणतायत गं. फळांच्या पिशव्या घेऊन येतात, सोफ्याच्या कडेला बसतात, तुझ्या फोटोकडे बघतात आणि हेच वाक्य ठेवून जातात. तुझा दादा मुकाट ऐकून घेतो. मला मात्र दर वेळी ओरडून सांगावंसं वाटतं, की नाही लढली ती. लढ म्हणून मी तिच्या पाया पडले, वयानं मोठी असून पडले, तरी नाही लढली.

माणसांना हे सांगता येत नाही, म्हणून तुला लिहितेय. दुसऱ्या कुणाशी भांडू? या घरात मी भांडले ती फक्त तुझ्याशी. तुझ्या दादाशी भांडायला गेलं की तो पेपर उघडतो.

लग्न होऊन मी इथे आले, त्या पहिल्याच आठवड्यात तू मला गच्चीवर गाठलंस. मी पापड वाळत घालत होते. तू कॉलेजात होतीस, केस मुलांसारखे कापलेले. माझ्यासमोर उकिडवी बसून अगदी गंभीरपणे विचारलंस, "वहिनी, एकदम सच सांग. दुनियेतली सगळ्यात भारी तुकडी कोणती?"

मी सांगलीकडच्या मास्तरांची मुलगी. मला वाटलं, नणंद शिक्षणाची चौकशी करतेय. म्हटलं, "आमच्या शाळेत अ तुकडी हुशार होती. मी ब मध्ये होते."

तू हसता हसता मागे कलंडलीस, ती थेट पापडांवर. मग डोळे पुसत म्हणालीस, "अगं, फौजेची तुकडी. लढणारी." त्या दिवसापासून मी तुझ्यासाठी 'ब तुकडी' झाले. चार लोकांतसुद्धा हाक मारायचीस. मी चिडायचे आणि बदल्यात तुझं मराठी सुधारायला जायचे. "'मी गेली' नाही निरू, 'मी गेले'." तू म्हणायचीस, "आमच्या इंदूरात गेलीच म्हणतात. तुझ्या सांगलीत जाऊन गेले म्हणीन."

नवऱ्याच्या घरी माझी पहिली मैत्री अशी झाली, मेलेल्या सैनिकांवरून.

आपले पूर्वज दरबारच्या फौजेत होते, एवढं या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दादा पाहुण्यांना सांगायचा, "आमचे खापरपणजोबा बिनीवर होते. सगळ्यात पुढे." तू चहाचा ट्रे घेऊन येता येता म्हणायचीस, "दादा, झूठ मत बोल ना. आजोबांनी काय सांगितलं होतं? चंदावलीत होते." मग पाहुण्यांकडे वळून समजावायचीस, "चंदावल मतलब फौजेची पिछाडी. सगळे निघून जातात, मग हे निघतात." दादाचा चेहरा उतरायचा. तुला मात्र त्याचाच कोण अभिमान. "मागे कोणी थांबलं म्हणून पुढचे घरी पोचले, पाहुण्यांना हे सांग."

तू हातोदच्या मुलींच्या शाळेत पीटी टीचर झालीस तेव्हा घरात कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, स्कूटीवरून रोज जाणं-येणं. शेतकऱ्यांच्या, मंडीतल्या हमालांच्या मुली तुझ्या हाताखाली. एकदा तू त्यांना रोमन सैनिकांचं कासव शिकवलंस. ढालींच्या जागी दप्तरं. पुढच्या ओळीनं दप्तरं छातीशी धरायची, मागच्यांनी डोक्यावर, आणि सगळ्यांनी एका पावलानं चालायचं. प्राचार्यांनी खिडकीतून पाहिलं आणि तुला बोलावून घेतलं. "ये ग्राउंड पर क्या चल रहा है, मैडम?" तू म्हणालीस, "सर, अनुशासन." घरी येऊन ते सांगताना तू स्वयंपाकघरात परात डोक्यावर धरून चालून दाखवलंस आणि मी लाटणं हातात घेऊन हसत राहिले. सासूबाई तेव्हा होत्या, आतून विचारत होत्या, काय पडलं म्हणून.

दर थंडीत आपण दोघी रात्री सराफ्यात गराडू, तो तळलेला कंद, खायला जायचो. दुकानाबाहेर उभं राहून, बोटं भाजत, जिरावण मसाला ओठांना लागलेला, आणि तुझं सुरू व्हायचं. तुझा पहिला नंबर दर वर्षी बदलायचा. एका वर्षी ग्रीसमधल्या त्या अरुंद खिंडीत उभे राहिलेले तीनशे. पुढच्या वर्षी इराणच्या बादशहाची अमर फौज, एक पडला की लगेच दुसरा त्याच्या जागी उभा, म्हणून तिची संख्या कधी कमी होत नसे. मग थीब्स गावची ती जोड्याजोड्यांनी लढणारी तुकडी. मग मंगोल घोडेस्वार. एका वर्षी आफ्रिकेतल्या दाहोमी राज्याच्या बायकांची पलटण. तेव्हा तर तू इतक्या मोठ्यानं बोलत होतीस की गराडूवाला तळायचं सोडून ऐकत उभा राहिला.

आणि मी दर वर्षी एकच विचारायचे. "यातले घरी किती आले?"

"वहिनी, यार, तो मुद्दाच नाहीये."

"माझा तोच मुद्दा आहे. त्यांच्याही घरी कोणीतरी भाकऱ्या करून बसलं असेल."

"तू ब तुकडीच राहशील."

तुला आठवतं का, हे कधी बदललं ते? मला आठवतं. तू मुलींना कबड्डीच्या सामन्यांसाठी देपालपूरला नेलं होतंस. येताना टेम्पो बंद पडला, गाव लांब, उन्हं उतरलेली. मोटरसायकलवरची काही टोळकी मुलींच्या भोवती घिरट्या घालायला लागली. टेम्पोवाला गाडी सोडून यायला तयार नव्हता. तू मुलींना उतरवलंस. मोठ्या, दणकट मुली बाहेरच्या बाजूनं, लहान मध्ये, सगळ्यांचे हात एकमेकींच्या खांद्यावर. आणि तू सगळ्यात मागे, हातात एक दगड. तशा त्या मुली गावापर्यंत चालत आल्या. टोळकी बराच वेळ मागून आली, नको ते बोलली, आणि मग कंटाळून गेली. गावात पालकांनी तुझे आभार मानले नाहीत. उलट उशीर झाला म्हणून तुलाच बोलले.

घरी आलीस तेव्हा तुझ्या कपातला चहा बशीत सांडत होता. मी तुझ्यासमोर बसले. तू म्हणालीस, "वहिनी, मी मागे वळून बघायची, मग पुढे बघायची. मागे ते, पुढे या. मला वाटलं, एक जरी कमी झाली तर मी घरी जाणार नाही."

"सगळ्या आल्या ना?"

"सगळ्या आल्या." आणि तू रडलीस. तू रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

त्या थंडीत गराडू खाताना तू स्वतःहून म्हणालीस, "तू जिंकलीस. यंदापासून एक नंबर ते दहा हजार." हे दहा हजार ग्रीक कुणाच्या तरी पगारावर परक्या मुलखात लढायला गेले, मालकच मेला, सरदार दग्यानं मारले गेले, आणि ते शत्रूच्या देशातून, बर्फातून, डोंगरातून चालत समुद्रापर्यंत परत आले. "जिंकले काहीच नाही," तू म्हणालीस. "फक्त परत आले. भागनं वेगळं आणि पीछे हटना वेगळं, वहिनी. पळणाऱ्यांची फौज राहत नाही. माघार घेणाऱ्यांची राहते. ही तुझी तुकडी."

मी खूश झाले गं. इतक्या वर्षांच्या वादात माझं एक तरी मान्य झालं म्हणून मूर्खासारखी खूश झाले. तो वाद हरले असते तर बरं झालं असतं.

पोटात दुखतंय म्हणून तू कितीतरी महिने गोळ्या खात राहिलीस. स्पोर्ट्स झाले की दाखवते, परीक्षा झाल्या की दाखवते. दाखवलंस तेव्हा गाठ अंडाशयातून बाहेर पसरली होती. ऑपरेशन झालं. मग केमो. तू ते सगळं केलंस, हे मी नाकारत नाही. केस गेले तेव्हा म्हणालीस, "बढ़िया, टोपी नीट बसेल." तोंडात फोड आले तर भात पातळ करून पीत होतीस. मी प्रत्येक वेळी शेजारच्या खुर्चीवर बसून त्या नळीतून थेंब पडताना बघायचे आणि मनात म्हणायचे, पड, पड, पड. थोडे महिने बरे गेले. मग पुन्हा पोटात पाणी झालं. पुन्हा केमो, वेगळी. ती लागू पडली नाही.

तुकोगंजमधल्या त्या डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. माणूस चांगला होता. उगाच आशा लावली नाही. म्हणाले, "एक दवा और है. कोशिश कर सकते हैं. लेकिन मैं वादा नहीं कर सकता."

तू विचारलंस, "इसमें घर पर कितना रहूँगी और यहाँ कितना?"

ते म्हणाले, "यहाँ ज़्यादा."

"तो रहने दीजिए, सर," तू म्हणालीस. जणू दुकानात एखादं कापड नको म्हणावं तसं.

गाडीत मी रस्त्यापर्यंत धीर धरला आणि मग सुटले. दादा गाडी चालवत होता, त्याच्या देखत. म्हटलं, "तू आयुष्यभर मला तीनशे जणांच्या गोष्टी सांगितल्यास. शेवटचा माणूस पडेपर्यंत उभे राहिले म्हणून. आणि स्वतःची वेळ आली तर रहने दीजिए?"

तू खिडकीतून बाहेर बघत होतीस. म्हणालीस, "लढायला समोर कोणीतरी लागतं, वहिनी. माझ्यासमोर कोण आहे? माझंच पोट. मी कुणावर दगड उचलू?"

"शब्दांचे खेळ नकोत मला."

"खेळ नाही." मग तू माझ्याकडे वळलीस. तुझा चेहरा किती लहान झाला होता. "तूच विचारायचीस ना, घरी किती आले? मला घरी यायचंय, बस. तिथल्या पलंगावर नाही, आपल्या घरी."

माझंच वाक्य. एवढ्या वर्षांत एकदाच मानलंस, आणि वापरलंस ते या कामासाठी.

मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी एकटी त्या डॉक्टरांकडे गेले, रांगेत बसले, हात जोडले. म्हणाले, "भाभीजी, उनका शरीर है, फैसला उनका है." तुझ्या जुन्या मुलींना फोन केले. एक पोलिसात आहे ती ड्यूटी सोडून आली, तुझ्या खोलीत अर्धा दिवस बसली आणि बाहेर येऊन माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, "आंटी, मैडम नहीं मानेंगी. मैंने आज तक उनका कहा नहीं टाला, आज कैसे टालूँ." मी देवाला काही मागितलं नाही. मागायचं होतं ते तुझ्याकडेच होतं. तुझ्या पलंगाशी बसून मी म्हटलं, "माझ्यासाठी घे. मला तू हवी आहेस म्हणून घे. औषध घेतलंस तर एक शक्यता आहे, नाही घेतलंस तर तीही नाही. एवढं साधं गणित आहे." तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास. उत्तर दिलं नाहीस. ते उत्तर अजून बाकी आहे, निरू. मी रोज वाट बघते.

आणि तरी मला हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर मी खोटी ठरेन. त्यानंतरचे जे दिवस मिळाले, ते चांगले होते. औषधाचा वास गेला. तुला वरण-भात जायला लागला. तू हट्टानं मला स्कूटी शिकवायला घेतलीस. दादाचे डोळे साखरेनं अधू होत चाललेत, त्याला आता फार दिवस गाडी चालवता येणार नाही, मग घरातलं बाहेरचं कोण करणार? मी म्हटलं, या वयात पडून हाड मोडून घेऊ? "पडशील तर मी आहे ना," तू म्हणालीस. सकाळी आपण मैदानावर जायचो. तू मागे बसायचीस, इतकी हलकी की गाडीला कळायचंसुद्धा नाही, आणि कानाशी सांगायचीस, "ब्रेक दाबू नको, एक्सलेटर सोड. बस. ऐसे ही." एकदा मी आपल्या दोघींना झुडपात घातलं. तू खाली पडून हसत होतीस, पोटावर हात धरून, दुखत असतानाही. मी घाबरून तुला उचलायला धावले, तर म्हणालीस, "पहिले गाडी उचल."

मी शिकले. कशाला शिकवलंस? माझ्या हाताला काम लावून तू निघायची तयारी करत होतीस आणि मी बावळट, मला वाटलं, हिला बरं वाटतंय.

मग तुला मागे बसवेनासं झालं. मग उठवेना. दुखणं वाढलं, दुखणं थांबवायच्या औषधाच्या पट्ट्या अंगाला लावल्या, त्यानं गुंगी यायची. मी तुझ्या खोलीतच चटई टाकली. जागी असायचीस तेव्हा बोलायचीस, शाळेचं, सासूबाईंचं, कधी काहीच नाही. मी दिवसभर तुझ्या छातीकडे बघत बसायचे, वर-खाली होतेय ना. एवढं मी कुणाकडेच बघितलं नसेल, माझ्या मुलाकडेसुद्धा नाही. शेवटच्या दुपारी तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "वहिनी, पंखा कमी कर ना." मी उठले, बटण फिरवलं, वळले. एवढाच वेळ लागला. मी तुझा हात धरून बसलेली असते तर गोष्ट वेगळी. मी पंख्याशी होते.

आता हे घर मला खायला उठतं. दुपारी चार वाजले की कान फाटकाकडे लागतात, स्कूटीच्या आवाजाला. स्कूटी तर अंगणात उभी आहे. स्वयंपाक करते तो अजून तिघांचा होतो. तुझ्या खोलीचं दार मी बंद करते आणि दादा उघडतो, यावरून आमचं रोज होतं. तो म्हणतो, हवा खेळू दे. मी म्हणते, तिचा वास जाईल. मुलगा म्हणतो, आई, बंगलोरला ये. मी काय करू तिथे? तिथे कोणी मला ओळखत नाही आणि तुला तर कोणीच नाही. झोप येत नाही. आली तर जागं होताना पुन्हा नव्यानं कळतं. लोक म्हणतात, हळूहळू सवय होईल. मला सवय नकोय. मला तू हवी आहेस, तोंड वर करून भांडणारी, 'मी गेली' म्हणणारी.

काल त्या संस्कृतच्या बाई गेल्यावर मी ओट्याशीच होते. दादा आत आला. तो स्वयंपाकघरात सहसा येत नाही. त्यानं स्वतः चहाचं आधण ठेवलं, साखर कुठे आहे ते विचारलं, आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "तिनं मला आधीच विचारलं होतं."

"काय?"

"डॉक्टरकडे गेलो त्याच्या आदल्या दिवशी. तू आंघोळीला गेली होतीस. म्हणाली, दादा, आता बस करू का. मी म्हटलं, कर."

इतके दिवस मी तुझ्याशी भांडत होते, आणि तुझ्या पाठीशी हा उभा होता, गाडी चालवत, गप्प. म्हटलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"तू मानली नसतीस."

"नसतेच मानले."

चहा वर आला, उतू गेला, आमच्यापैकी कुणीच हात पुढे केला नाही. मग त्यानं गॅस बंद केला. त्याचे खांदे हलत होते. म्हणाला, "मला तिचं दुखणं पाहवत नव्हतं गं."

मी त्याला जवळ घेतलं. एवढं तर केलंच. इतका मोठा माणूस, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला आणि मी त्याची पाठ थोपटत राहिले. पण जे तोंडावर आलं होतं ते त्याला सांगितलं नाही. ते तुला सांगते.

मला पाहवलं असतं, निरू. तू ओरडली असतीस, तळमळली असतीस, मला शिव्या दिल्या असत्यास, तरी मी त्या खुर्चीवर बसून थेंब पडताना बघत राहिले असते. तू समोर असतीस, तर मला काहीही पाहवलं असतं.